लंडनमध्ये रुळणं पोराच्या जिद्दीवर सोडू नका

दर सप्टेंबरात, आणि हल्ली जानेवारीतसुद्धा, लंडनमधल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपांवर मेसेजांची रांग लागते. दादा ईस्ट हॅमला रूम आहे का, ताई वेम्बली-हॅरो साइडला कुणी शेअरिंगला बघतंय का, पुढच्या आठवड्यात लँड होतोय, बजेट महिन्याला सहाशे पाउंडांपर्यंत. खाली दोन जण सांगतात सहाशेत काही मिळणार नाही, एखादा म्हणतो पर्सनलवर ये, आणि तेवढ्यात पुढचा मेसेज येऊन पडतो. पोराने कर्ज काढलेलं असतं, व्हिसा लागलेला असतो, गावात सत्कार झालेला असतो, तिकीट हातात असतं, आणि उतरल्यावर पाठ कुठे टेकायची तेवढंच ठरलेलं नसतं.

मी इथे शिकायलाच आलो होतो, पुढे इथेच नोकरीला लागलो, आणि नवीन येणाऱ्या पोरापोरींना घर शोधून द्यायला जे चार जण धडपडतात त्यातला मी एक, त्यामुळे हे सगळं दरवर्षी जवळून बघतो. आणि दरवर्षी माझं मत जास्त पक्कं होत चाललंय की परक्या मोठ्या शहरात रुळणं ही ज्याच्या त्याच्या जिद्दीची गोष्ट आहे असं म्हणून आपण हात झटकतो, हे साफ चुकीचं आहे. ज्याच्यामागे ओळख आहे तो पंधरा दिवसांत मार्गी लागतो, ज्याच्यामागे नाही त्याचे तीन-चार महिने जातात, आणि त्यात कोण किती हुशार याचा संबंध फार थोडा असतो. ती ओळख पुरवणं हे विद्यापीठांचं काम आहे, शिष्यवृत्ती देऊन पोरं पाठवणाऱ्या सरकारचं आहे, आणि इथे आधी येऊन बसलेल्या आपल्या सगळ्यांचं आहे.

तीन-चार महिने म्हणजे किती, याचा हिशोब घरी बसून लागत नाही. ब्रिटनमधला मास्टर्स बहुतेक ठिकाणी एका वर्षाचा असतो. सप्टेंबरअखेर लेक्चर सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यावर पहिली टर्म संपते, जानेवारीत परीक्षा नाहीतर सबमिशन. बड्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट जॉबचे अर्जसुद्धा बरेचसे ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात बंद होतात. म्हणजे जो ऑक्टोबरभर कुणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकून झोपला आणि नोव्हेंबरात दोन तासांचा प्रवास करून लेक्चरला पोचत राहिला, त्याचं नुसतं घर हुकलं असं नाही, अर्जांचा सीझनच हुकला. शिक्षण संपल्यावर थांबायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आत्तापर्यंत दोन वर्षांचा होता, तोही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळणार, पीएचडीवाले सोडून. वेळ सगळीकडूनच आखडत चाललाय आणि आपण मात्र अजून सांगतोय, होईल हळूहळू सवय.

आता घर मिळत नाही म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण भारतातल्या आईबापांना वाटतं पैसे टाकले की खोली मिळते. इथली लेटिंग एजन्सी, म्हणजे घरं भाड्याने देणारी कंपनी, आधी गॅरंटर मागते, म्हणजे तुम्ही भाडं थकवलंत तर ते भरीन अशी सही करणारा माणूस, आणि तो ब्रिटनमध्ये राहणारा, कमावणारा हवा. बऱ्याच एजन्सींचा ठोकताळा असा की त्याचं वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या छत्तीस पट पाहिजे. खोलीचं भाडं 850 पाउंड धरलं तर तीस हजारांवर पगार असलेला आणि तुमच्यासाठी सही करायला तयार असलेला माणूस पाहिजे. नांदेड किंवा चंद्रपूरहून पहिल्यांदा विमानात बसलेल्या पोराने तो आणायचा कुठून? गॅरंटर नाही तर मग सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या, असं अलीकडेपर्यंत चालत आलं, म्हणजे 5,100 पाउंड, सहा लाख रुपये एका दमात. ज्यांच्या घरी सहा लाख पडून आहेत त्यांना चावी मिळाली, बाकीचे पुढच्या खोलीच्या रांगेत.

यावर आता नवीन कायदा आलाय, रेंटर्स राइट्स ॲक्ट, 2025 चा, आणि 1 मे 2026 पासून घरमालकाला एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ घेता येत नाही. कायदा चांगल्या हेतूचा आहे आणि मला तो हवाच होता, पण आपल्या पोरांचं त्याने लगेच भलं होईल असं मला वाटत नाही. एक तर आगाऊ पैशांचा मार्ग बंद झाला की गॅरंटरला जास्तच भाव येणार, आणि ज्याला गॅरंटर नाही त्याला नाही म्हणणं घरमालकाला सोपं. दुसरं म्हणजे मालक स्वतः त्याच घरात राहतो आणि एक खोली भाड्याने देतो, अशा ठिकाणी राहणाऱ्याला भाडेकरूचे पूर्ण हक्क मिळतच नाहीत, त्याला लॉजर म्हणतात. आणि आपली बरीच पोरं पहिल्या वर्षी एकतर लॉजर असतात नाहीतर कुणीतरी घेतलेल्या घरात पोटभाडेकरू. कायदा पुस्तकात चांगला असला तरी तो जिथे पोचत नाही नेमकं तिथेच ही पोरं राहतात.

अशी एक खोली बघायला मी मागे एका पोराबरोबर गेलो होतो. मराठवाड्यातला, सरकारी शिष्यवृत्तीवर आलेला, अतिशय शांत मुलगा. पूर्व लंडनमधलं चाळीवजा लांबट घर, दार उघडल्या उघडल्या चपला-बुटांचा ढीग, आणि मूळचा जो हॉल तो मधोमध प्लायवूड मारून दोन खोल्या केलेला. त्यातली एक आम्हाला दाखवली. सिंगल बेड ठेवला की कपाटाचं दार पूर्ण उघडत नव्हतं. कपाटामागे भिंतीवर काळी बुरशी वर छतापर्यंत गेलेली, खिडकी रंग मारून मारून चिकटून बसलेली. स्वयंपाकघरात एकच फ्रिज आणि त्याच्या प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेली नावं, सात जणांची. दाखवणारा आपलाच भारतीय माणूस होता, बोलायला गोड. भाडं 650, डिपॉझिट रोख, पावती नाही, आणि एक अट त्याने जाता जाता सांगितली, की या पत्त्यावर काही पत्रं वगैरे मागवायची नाहीत, पत्ता कुठे लावायचा नाही.

सगळं तिथेच येऊन अडतं. पाच किंवा जास्त वेगवेगळी माणसं एका घरात स्वयंपाकघर वाटून राहत असतील तर इंग्लंडमध्ये त्या घराला काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, लायसन्स लागतं, ते नसलं की पत्ता लपवावा लागतो. आणि पत्ता नाही म्हणजे बँकेत अडचण, हल्ली ॲपवाल्या बँका खातं लवकर उघडतात पण कार्ड शेवटी घरीच पाठवतात ना. विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स माफ असतो, पण पत्ता दाखवता येत नाही म्हणून त्या माफीचे कागदही करता येत नाहीत. त्या मुलाने खोली घेतली. हॉटेलचे पैसे रोज जात होते, दुसरा इलाज नव्हता. त्याला मी दोष देणार नाही आणि कुणी देऊ नये.

मग आपण म्हणतो पोरं येतानाच तयारी करून का येत नाहीत. तयारी करतात हो. व्हिसासाठीच लंडनमध्ये राहण्याच्या खर्चाचे महिन्याला 1,529 पाउंड असे नऊ महिन्यांचे, म्हणजे 13,761 पाउंड, खात्यात सलग 28 दिवस दाखवावे लागतात. इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या अधिभाराचे वर्षाला 776 पाउंड आधीच भरावे लागतात. बाप जमीन किंवा घर तारण ठेवून हे उभं करतो. पण दाखवायचे पैसे आणि हातात खेळणारे पैसे यात फरक असतो, आणि किती घरांत ते व्हिसापुरते उचललेले असतात आणि मुलगा विमानात बसला की परत जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परदेशातले प्रवेश जुळवून देणारा कन्सल्टंट सांगतो, उरलेलं पार्टटाइममध्ये निघेल. टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करायची परवानगी आहे. एप्रिल 2026 मध्ये ठरलेला किमान पगार तासाला 12.71 पाउंड, म्हणजे पूर्ण 20 तास मिळाले तरी महिन्याला हजार-अकराशे. त्यातून खोलीचे साडेआठशे गेले की प्रवास, जेवण, फोन सगळं उरलेल्या दीडशे-अडीचशेत, आणि हे काम मिळाल्यावर, जे पहिल्या आठवड्यात मिळत नाही. मग कुणीतरी सुचवतं, माझं डिलिव्हरीचं अकाउंट चालव, रोज कॅश मिळेल. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा म्हणून असलं कुठलंच काम चालत नाही, आणि दुसऱ्याच्या नावावर तर अजिबातच नाही, पकडला गेला तर व्हिसाच जातो. आगीतून फुफाट्यात.

कन्सल्टंटबद्दल स्पष्टच बोलायला पाहिजे. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरला पाटी लावून बसलेल्या या मंडळींना बहुतेक वेळा विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं, म्हणून तर तुमच्याकडून फी घेत नाहीत किंवा नावाला घेतात. यात बेकायदा काही नाही. पण कमिशन पोरगा विद्यापीठात दाखल झाला की पक्कं होतं, तो राहतो कुठे यावर ते अवलंबून नाही, म्हणून घराच्या प्रश्नावर ते ताकास तूर लागू देत नाहीत. विद्यापीठांचंही तेच. इथल्या स्थानिक पदवी विद्यार्थ्यांची फी इंग्लंडमध्ये 2017 पासून 9,250 पाउंडांवर अडकून पडली होती, 2025 मध्ये कुठे 9,535 झाली, आणि मधली तूट भरून काढली परदेशी विद्यार्थ्यांच्या फीने. 2022-23 मध्ये भारतीय विद्यार्थी संख्येने चिनी विद्यार्थ्यांच्याही पुढे गेले. आपल्या पोरांच्या पैशांवर डिपार्टमेंटं चालतायत, मग त्यांना छप्पर कुठे मिळणार हे विचारायचा हक्क आपल्याला नाही का? जानेवारीच्या बॅचला प्रवेश द्यायचा आणि हॉस्टेलच्या खोल्या मात्र सप्टेंबरपासून वर्षभराच्या कराराने आधीच भरलेल्या, हे माहीत असून देतात ना प्रवेश. ऑफर लेटरमध्ये साधं एक वाक्य असावं, खोलीची हमी आहे किंवा नाही, आणि नसेल तर विद्यापीठ स्वतः गॅरंटर उभं राहील का. काही विद्यापीठं राहतात. युनिव्हर्सिटी ऑफ लंडनची हाउसिंग सर्व्हिस तिच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना भाडेकरार फुकट तपासून देते. म्हणजे करता येतं, सगळ्यांना करायला लावलं पाहिजे एवढंच.

आता ज्या भागावर आपल्यात कुणी मोकळं बोलत नाही त्याबद्दल. व्यवस्था नाही म्हटल्यावर तिची जागा ओळखीपाळखीने घेतलीय. पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजातून आलेल्याला सीनियरची अख्खी फळी तयार मिळते, कुणीतरी खोली सोडून जाताना त्यालाच देऊन जातं, गॅरंटर म्हणून कुणाचा तरी काका असतो. बाकीच्यांना फोनवर पहिला प्रश्न येतो, मूळ गाव कुठलं, आणि दुसरा, आडनाव काय. जाहिरातीत लिहितात फक्त शाकाहारी, आणि हो, एकत्र स्वयंपाकघरात कुणाला मांस नको असणं मी समजू शकतो, पण त्या दोन शब्दांआड बऱ्याचदा काय विचारलं जातंय हे ज्याला विचारतात त्याला बरोबर कळतं. सातासमुद्रापार येऊन पोराला पहिला नकार आपल्याच माणसाकडून आणि आडनावावरून मिळावा, याची मला मनापासून शरम वाटते. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करायचा की नाही यावर बरीच वर्षं खल झाला आणि 2018 मध्ये सरकारने तो विषय न्यायालयांवर सोपवून बाजूला ठेवला. त्यामुळे फोनवर दोन प्रश्न विचारून नकार देणाऱ्याला कायद्याची फारशी भीती वाटत नाही. त्याला रोखू शकतो तो फक्त आपला समाज.

इथे कुणीतरी बाबासाहेबांचं उदाहरण देतंच. त्यांनी किती हालात शिक्षण केलं, तुम्हाला काय झालंय. मला वाटतं हे उदाहरण नीट वाचायला हवं. 1916 मध्ये ते कोलंबियाहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं, आणि बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, तेव्हा कुठे 1920 मध्ये ते परत येऊ शकले. पुढे एमएस्सी, डीएस्सी, बॅरिस्टरी सगळं झालं. त्या तोडीच्या माणसाची तीन वर्षं निव्वळ पैशांपायी गेली, आणि परत उभं राहता आलं ते एका राजाच्या आणि एका मित्राच्या मदतीमुळे. यातून पोरांना हाल काढू द्यावेत असा अर्थ निघतो की वेळेवर पैसे आणि पाठीशी माणूस पाहिजे असा निघतो?

किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर, जिथे ते 1921-22 मध्ये राहिले, महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं, त्याचा मला अभिमान आहे, येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तिथे एकदा जाऊन ये म्हणून सांगतो. त्याच सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांसाठी असते, इतर समाजांसाठीही वेगळ्या योजना आहेत. पंच्याहत्तर म्हणजे काही फार मोठा आकडा नाही. त्यातले लंडनला किती येणार आहेत हे निवड झाली की सरकारला कळतंच. मग त्यांना सरकारने गॅरंटर पत्र का देऊ नये? खोलीचं डिपॉझिट, जे कायद्याने पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पहिल्या महिन्याचं भाडं, एवढे पैसे विमानात बसायच्या आधी खात्यात का पडू नयेत? निर्वाह भत्ता तिथे पोचल्यावर मिळेल या भरवशावर, घरून एक रुपया मागता येत नाही अशा पोराला लंडनमध्ये उतरवणं हे अर्धं काम करून सोडण्यासारखं आहे. आणि वसतिगृहाची कल्पना तर नवीनही नाही, इंडियन वायएमसीए 1920 पासून या शहरात भारतीय विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवतेय, आजही फिट्झरॉय स्क्वेअरला सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळतं. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त पैसे नव्हते.

आपली पोरं लंडनला येऊन आपल्यातच राहतात, इंग्रजांत मिसळत नाहीत, ही तक्रार मी इथल्या जुन्या लोकांकडून फार ऐकतो. ती मला पटत नाही. मिसळायला वेळ लागतो आणि वेळ पैशांनी विकत घ्यावा लागतो. कॉलेजपासून वीस मिनिटांवर राहणारा संध्याकाळच्या कार्यक्रमाला थांबतो, सव्वा तास लांब राहणारा आणि नऊ वाजता शिफ्टला जाणारा कसा थांबेल. डिसेंबरात चारच्या आधी अंधार पडतो, बाहेर पाऊस नाही पण ओल आहे, घरी फोन केला तर आईला खरं सांगता येत नाही, अशा वेळी जो आपल्या भाषेतल्या चार जणांकडे जाऊन पिठलं-भात खातो तो स्वतःला सावरतोय. साउथॉलच्या गुरुद्वारात लंगरला जाणारी मराठी पोरंही मी पाहिलीत, कुणी त्यांना आडनाव विचारत नाही, ताट पुढे येतं. आधी छप्पर, पोटाला अन्न आणि झोप मिळू द्या, मग तेच पोरगं फेब्रुवारी-मार्चपर्यंत वर्गातल्या सगळ्या देशांच्या मुलांबरोबर प्रोजेक्ट करताना दिसतं.

आम्हालाही कुणी मदत केली नव्हती, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी खरंच कष्ट काढलेत. पण तेव्हाची भाडी आणि आताची भाडी एक नाहीत, दोन-तीन वर्षांचे कोर्स आणि एका वर्षाचा कोर्स एक नाही, आणि आपण सोसलं म्हणून पुढच्यानेही सोसावं यात कुणाचंच काही भलं होत नाही.

महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 पासून आहे, त्याशिवाय हॅरोपासून स्लाउपर्यंत लहान-मोठे किती गट आहेत. गणपती आपण थाटात करतो आणि करावाच, त्याच सुमारास ही पोरं उतरत असतात. मला वाटतं या सगळ्यांनी मिळून दोन कामं अंगावर घ्यावीत. एक, पंधरा दिवस टेकायला जागा, ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी आहे त्यांची यादी आणि तिचं वाटप येण्याच्या तारखेवरून, नावगाव बघून नाही. एकाच पानावर साधी माहितीही छापून द्यावी, की जीपीकडे, म्हणजे भागातल्या सरकारी डॉक्टरकडे, नाव घालायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, की डिपॉझिट तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा केलंय का हे घरमालकाला विचारायचं असतं, की पावतीशिवाय रोख द्यायचं नसतं.

दुसरं काम गॅरंटरचं, आणि ते अवघड आहे हे मान्य. कुणा अनोळखी पोरासाठी वर्षभराच्या भाड्याची सही करायची म्हणजे दहा हजार पाउंडांची जोखीम, एकट्या माणसाने ती का घ्यावी. म्हणून सामायिक निधी हवा. शंभर कुटुंबांनी शंभर-शंभर पाउंड टाकले तर दहा हजार होतात, त्याच्या आधारावर दहा-बारा पोरांसाठी सह्या करता येतील, कारण सगळीच्या सगळी भाडं थकवत नाहीत, मी तर फार थोडी थकवलेली बघितलीत आणि तीही नोकरी गेल्यावर. कागदपत्रं बघायला आपल्यातले वकील, अकाउंटंट आहेतच. मार्चपासून बसलं तर येत्या सप्टेंबरच्या बॅचला हे उभं करता येईल, आणि ज्यांना यात यायचंय त्यांनी आपापल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावावा.